दुखते हातात, मग मान का वाकवतात?

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या भगिनींच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. "ताई, हाताला मुंग्या येतात. रात्री जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं." हीच तक्रार जालना शहरातल्या वस्त्यांमधून धुणीभांडी करणाऱ्या आणि झाडूकाम करणाऱ्या बाया सांगतात. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जाणारे भाऊ सांगतात. बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाणाऱ्या मुली दिवसभर चिमटीने फुले सोलतात, त्याही सांगतात. अंबड-घनसावंगीकडची कोयता घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे उन्हाळ्यात परत आली की त्यांच्यातही दोन-चार जण असतातच. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांचाच हात दगा देऊ लागला की घर हलते.

मग कोणी सांगते "नस दबली". कोणी वाताचे तेल देते. कोणी दर आठवड्याला दुखणे थांबवायचे इंजेक्शन घेते आणि त्या दिवशीची मजुरी वाचली म्हणून समाधान मानते. शेवटी एखादी भगिनी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीला पोहोचते. तिथे तिला खाटेवर उताणे झोपवतात, खांदा खाली दाबून धरतात, हात बाजूला ताणतात आणि मध्येच विचारतात, "आता मान पलीकडे वाकवा. काय वाटतं?" ती घरी येऊन सांगते, "दुखतं हातात, आणि ते मानेशी खेळत बसले. नीट तपासलंच नाही." पुढच्या तारखेला ती जात नाही.

तिला तपासले होते, आणि तेही नीट. काय तपासले, हे कुणी तिला समजावून सांगितले नाही, म्हणून हे लिहित आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या बोलण्यात 'नस' म्हणजे रक्ताची शीरही असते, स्नायू हाडाला बांधणारी कंडराही असते आणि मेंदूचा निरोप नेणारा चेतातंतूही असतो. पुस्तकात त्याला मज्जातंतू म्हणतात. या लेखात नस म्हणजे फक्त हा निरोप्या. बोटाला चटका बसला हे वर कळवणारा आणि बोट मागे घे हा हुकूम खाली आणणारा तोच.

हाताच्या सगळ्या नसा मानेच्या मणक्यांतून निघतात. त्या गळ्याच्या बाजूने, हासळीच्या हाडामागून काखेत येतात आणि दंडातून, कोपरावरून, मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. परकराच्या नेफ्यातली नाडी आठवा. नाडी नेफ्यात शिवलेली नसते, ती सरकते. एक टोक ओढले की दुसरे टोक आत जाते. नसही तशीच आपल्या वाटेवर सरकते. हात वाकवला की ती सैल पडते, सरळ केला की ताणली जाते. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. पण नेफ्यात एका जागी शिवण दाटली, गाठ अडकली, की नाडी ओढताना सगळा जोर तिथेच येतो. मानेतली गादी सरकून नसेच्या मुळावर दाब आला, मनगटात सूज आली किंवा जुन्या माराने आजूबाजूचे मांस चिकटले, की नसेचे असेच होते. फक्त नाडीला दुखत नाही, नसेला दुखते.

आता ती तपासणी. कंबरेतून पायात कळ जात असेल तर डॉक्टर पाय सरळ ठेवून वर उचलतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सायटिकाची ही तपासणी १८८१ सालापासून वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. हातासाठी तशीच पद्धत नीट मांडायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात पर्थ इथले फिजिओथेरपिस्ट रॉबर्ट एल्व्ही यांनी १९७९ साली ती मांडली, आणि आज आपल्याकडच्या फिजिओथेरपी महाविद्यालयांतही ती शिकवतात.

यात क्रम महत्त्वाचा. रुग्ण उताणा. तपासणारा आधी खांदा कानापासून दूर, खाली धरून ठेवतो, कारण नस ताणली की आपले शरीर नकळत खांदा वर उचलून तिला सैल करते. मग हात बाजूला, खांद्याच्या पातळीपर्यंत. मग तळहात छताकडे. मग मनगट आणि बोटे मागे. आणि शेवटी वाकवलेले कोपर हळूहळू सरळ. प्रत्येक पायरीला त्या नसेवर थोडा थोडा ताण चढत जातो. कोपर कुठपर्यंत सरळ झाल्यावर ओढ लागली, कुठे कळ आली, ती कुठल्या बोटात गेली, हे तपासणारा टिपून ठेवतो. आधी चांगला हात, मग दुखरा. दोन्हींत किती फरक आहे, ते पाहायचे असते.

आणि आता मानेचा प्रश्न. समजा या अवस्थेत तुमच्या मनगटाजवळ कळ आली. ती स्नायूची असेल, कंडरेची असेल, सांध्याची असेल किंवा नसेची. कशी ओळखायची? हात आहे तसाच धरून ठेवायचा, तसूभरही हलवायचा नाही, आणि फक्त मान पलीकडच्या खांद्याकडे झुकवायची. मानेपासून मनगटापर्यंत सलग जाणारा एकही स्नायू माणसाच्या शरीरात नाही. सलग जाते ती नस. म्हणून मान पलीकडे झुकवल्यावर मनगटातली कळ वाढली आणि अलीकडे आणल्यावर कमी झाली, तर त्या दुखण्यात नसेचा हात आहे असे म्हणायला आधार मिळतो. नाडी एका टोकाला ओढून गाठ दुसऱ्या टोकाला शोधायची, असा हा प्रकार आहे. कळ मानेखाली किंवा खांद्यात असेल तर उलटे करतात. मान स्थिर ठेवून मनगट सैल सोडतात आणि खांद्यात फरक पडतो का ते विचारतात.

ही सगळी तपासणी तुमच्या उत्तरावर उभी आहे. इथे यंत्र नाही, रक्ताचा नमुना नाही. आणि आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव असा की आपल्या बाया इथेच कमी पडतात. डॉक्टरांनी विचारले "दुखतंय का?" की त्या म्हणतात, "नाही, सहन होतं." सहन करणे हा आपला गुण म्हणून लहानपणापासून शिकवलेला आहे, पण तपासणीच्या खाटेवर तो नुकसान करतो. तुम्ही सहन केले की तपासणारा हात आणखी ताणतो, कागदावर 'ताण नाही' असे लिहिले जाते आणि आजार दुसरीकडेच शोधला जातो. काही जण उलट करतात. हात लावताच "आई गं" म्हणतात. त्यानेही काही कळत नाही.

म्हणून नुसते 'दुखते' म्हणू नका. ओढ लागते, मुंग्या येतात, आग होते, करंट बसतो, बधिर वाटते, हे सगळे वेगवेगळे आहे. जे असेल ते आपल्या शब्दांत सांगा. कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, "रात्री मला जे होतं ते हेच" की "हे वेगळंच काहीतरी आहे", हे सांगा. कारण या अवस्थेत धडधाकट माणसालाही कोपराच्या आतल्या बाजूला ओढ लागते आणि बोटांत मुंग्या येतात. ते आजाराचे लक्षण नाही. तुमचे नेहमीचे दुखणे तसेच्या तसे उभे राहिले, दुसऱ्या हातापेक्षा वेगळे वाटले आणि मान किंवा मनगट हलवल्यावर बदलले, तरच त्याला अर्थ.

वर सांगितलेली ठेवण मीडियन नसेसाठी. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट तिच्याकडे. करंगळीकडची बाजू बधिर होत असेल तर अल्नार नस तपासतात. कोपराच्या मागे हाडाला लागून जाते ती. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या तिच्याच. ती कोपर वाकवल्यावर ताणली जाते, म्हणून तिच्या तपासणीत कोपर वाकवून तळहात कानावर आणतात, बोटे खाली खांद्याकडे. तिसरी रेडियल, मनगट उचलणारी. तिच्यासाठी हात सरळ खाली, आतल्या बाजूला फिरवून, तळहात मागे आणि मनगट दुमडलेले, म्हणजे मागच्या मागे नोट घेणाऱ्या बाबूसारखा. तीन नसा, तीन ठेवणी. तेव्हा मैत्रिणीचा हात एका तऱ्हेने ताणला आणि तुमचा दुसऱ्या तऱ्हेने, तर त्यात चूक काही नाही.

याच्या उलटही होते, आणि ते घरीही लक्षात येते. मानेत नसेचे मूळ दबले असेल तर हात डोक्यावर ठेवला की अनेकांना बरे वाटते, कारण त्या ठेवणीत नसेवरचा ताण उतरतो. असे रुग्ण नकळत डोक्यावर हात घेऊन बसतात किंवा झोपतात. घरातली मोठी माणसे रागावतात, अशुभ असते म्हणून. अशुभ काही नाही. दवाखान्यात ही गोष्ट आवर्जून सांगा, फार उपयोगाची खूण आहे.

या तपासणीला मर्यादा आहेत. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसले की मानेत नस दबलेल्या जवळजवळ प्रत्येकात मीडियन नसेची ही तपासणी दुखरी येते, पण नस न दबलेल्याही पुष्कळ जणांत ती दुखरी येते. म्हणजे ती पूर्ण स्वच्छ आली तर मानेतली नस दबली असण्याची शक्यता फार कमी होते. दुखरी आली तर एवढ्यावरून निकाल लागत नाही. ताकद, स्पर्श, मानेची हालचाल पाहावी लागते. म्हणून कुणी नुसता हात ताणून "ऑपरेशन लागेल" म्हणाले तर थांबा. आणि हात न लावताच कुणी पहिल्या भेटीत हजारो रुपयांचा एमआरआय लिहिला, तर "आधी हाताने तपासता का?" एवढे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

दुसरी चूक आपल्याकडची. ताणल्यावर नस कळते, तर रोज ताणून ती मोकळी करू, असे काहींना वाटते. दाराच्या चौकटीला हात लावून अंग फिरवतात, नाहीतर मान कडकन मोडणाऱ्याकडे जातात. नस दोरी नाही, तिच्या आत बारीक रक्तवाहिन्या आहेत. १९७३ साली स्वीडनमध्ये सशाच्या नसेवर प्रयोग झाले. नस तिच्या लांबीच्या शेकडा ८ इतकी ताणली की रक्त अडू लागले आणि शेकडा १५ ला पूर्ण थांबले. आधीच सुजलेल्या नसेला जोराने ताणणे म्हणजे तिचे पाणी तोडणे. शस्त्रक्रियागृहात बेशुद्ध रुग्णाचा हात बाजूला ठेवताना तो ९० अंशांपलीकडे जाऊ द्यायचा नाही, हे आम्हाला नर्सिंगला शिकवले ते याचसाठी. बेशुद्ध माणूस "ओढ लागते" असे सांगू शकत नाही. बाळंतपणात खांदा अडकून मानेवर ओढ बसली तर बाळाचा एक हात लुळा पडतो, तेही हेच. अशा बाळाला तेलमालीश करत वाट पाहू नका, पहिल्याच महिन्यात दाखवा. तीन महिन्यांचे होऊनही कोपर वाकवत नसेल तर मोठ्या रुग्णालयात नेणे लांबवू नका.

आता कामाकडे वळू, कारण तपासणी पंधरा मिनिटांची असते आणि हात दिवसाचे दहा तास राबतो.

रात्री अंगठ्याकडची तीन बोटे बधिर होणे आणि झटकल्यावर बरे वाटणे, हे बहुतेक वेळा मनगटाचे दुखणे असते. तिथे एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि ही एक मीडियन नस जाते. १९८१ साली अमेरिकेत डॉ. गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी या बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. बीपी मोजतो त्याच पाऱ्याच्या मापात. निरोगी मनगट सरळ असताना दाब सरासरी २.५, तर आजार असलेल्यांचा ३२. त्यांनीच मनगट आत वाकवल्यावर ९४ आणि मागे वाकवल्यावर ११० पर्यंत गेला. म्हणजे झोपेत मनगट उशाखाली दुमडून ठेवणारी बाई रात्रभर स्वतःची नस चेपत असते. तिला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. पट्टी विकत घ्यायला पैसे नसतील तर जाड पुठ्ठ्याची तळहातापासून निम्म्या हातापर्यंत पट्टी कापा, मऊ फडक्यात गुंडाळा आणि सैलसर बांधा. बोटे निळी किंवा गार पडली तर फार घट्ट झाली. गरोदरपणात हा त्रास वाढतो आणि बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचा जातो. थायरॉइड आणि साखरेच्या रुग्णांतही तो अधिक दिसतो, तेव्हा त्या दोन तपासण्या करून घ्या.

कपडे पिळताना दोन्ही मनगटे उलटसुलट मुरडतात. कपडा नळाला अडकवून मनगट सरळ ठेवून पीळ द्या. खुरप्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर चिंधी गुंडाळून जाड करा, मुठीला कमी जोर लागतो. वेचणीची झोळी काही जणी खांद्यावरून अडकवतात. भरत जाते तसा खांदा खाली ओढला जातो, म्हणजे तपासणीची पहिली पायरी दिवसभर चालू! ती कंबरेला बांधा आणि अर्धी भरली की रिकामी करा. करंगळी बधिर होणाऱ्यांनी फोन कानाला लावून तासभर बोलू नये, लेकरू एकाच कडेवर घेऊ नये, कोपर दुमडून झोपू नये. आणि दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेला माणूस सकाळी मनगट उचलू शकला नाही, तर ती करणी नाही. दंडातली रेडियल नस रात्रभर हाडावर चेपली गेली. बहुतेकांचे मनगट काही आठवड्यांत परत उचलू लागते, पण तोवर पट्टी आणि व्यायाम लागतो.

मुकादम म्हणेल तेवढे काम करावेच लागते, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी तासातून एकदा दोन्ही हात खाली सोडून मिनिटभर थांबणे कुणी अडवत नाही.

फिजिओथेरपिस्ट नस सरकवण्याचा व्यायाम शिकवतात तो ताणण्याचा नाही. कोपर सरळ करताना मान त्याच हाताकडे झुकवायची, कोपर दुमडताना पलीकडे. नाडीचे एक टोक ओढताना दुसरे सैल सोडल्यासारखे. आठ-दहा वेळा, सावकाश, मुंग्या सुरू होण्याच्या अलीकडे थांबून. स्वतःच्या मनाने सुरू करू नका, एकदा करून दाखवून घ्या.

एका आजाराबद्दल सविस्तर बोलायलाच हवे, कारण तो वस्तीत लपवला जातो. हात बधिर आहे पण दुखत नाही, चटका बसला तरी कळत नाही, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि त्यावर स्पर्श समजत नाही, कोपरामागची नस दोरीसारखी जाड हाताला लागते, करंगळी आणि शेजारचे बोट आत वळू लागले आहे. यातले काहीही असले तर आधी कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तिथे हात ताणून पाहण्याची घाई नको. औषधे सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत मिळतात आणि ती सुरू झाली की रोग दुसऱ्याला लागण्याची भीती लवकरच संपते. नसेला सूज येऊन ताकद जात असेल आणि सहा महिन्यांच्या आत योग्य औषध मिळाले, तर ताकद परत येण्याची चांगली आशा असते. लपवण्यात गेलेला काळ बोटे वाकडी करतो. आशाताईला सांगा, ती बोभाटा करणार नाही.

मधुमेहात बधिरपणा बहुधा दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होतो आणि नंतर हातांत येतो.

काही वेळा फिजिओथेरपीची तारीख पाहत बसायचे नाही. अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम सुटला आणि कळ डाव्या हातात गेली, तर ते हृदय. दोन्ही वेळी १०८ ला फोन करा. दोन्ही हातांनी गुंडी लागेना, चालताना पाय अडखळू लागले, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मानेत मुख्य मज्जारज्जू दबत असू शकतो. जिल्हा रुग्णालयात किंवा घाटीत त्याच दिवशी दाखवा. अपघातानंतर मान दुखत असेल तर कुणालाही ती फिरवू देऊ नका.

बाकीच्यांनी आधी गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून चिठ्ठी घ्यावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. कुणी वेगळे सांगितले तर पावती मागा. फिजिओथेरपीला जाताना सैल बाह्यांचा ब्लाऊज किंवा कुडता घाला, कारण हात खांद्यापासून मोकळा फिरवावा लागतो. तपासणारा पुरुष असेल आणि संकोच वाटत असेल तर सिस्टरला किंवा सोबतच्या बाईला खाटेजवळ उभे राहू द्या, असे सांगा. दुखणे थांबवण्याची गोळी घेतली असेल तर कधी घेतली ते आठवून ठेवा. सकाळी गोळी घेऊन गेलात तर तपासणीत कळ निघतच नाही.